जुना फियास्को पारखायचा असेल, तर लेबल शेवटी वाचा

इटलीतल्या टस्कनी प्रांतात, आरेझ्झो शहरात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि त्याच्या आदल्या शनिवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. गवताने मढवलेला कियांती वाइनचा चंबू, म्हणजे फियास्को, तिथे हटकून दिसतो, आणि हा आमच्या आजीच्या तळघरातला, असं विक्रेता हटकून सांगतो. सगळ्यांचं खरं मानलं तर टस्कनीत माणसांपेक्षा आज्याच जास्त भरतील. मी फ्लॉरेन्सला राहते आणि हे चंबू गोळा करते. कुणाला घ्यायचा असेल तर माझा सल्ला एकच: लेबल सगळ्यात शेवटी वाचा, आधी गवत बघा.

चंबू उचलताना मानेला धरू नका, एक हात बुडाखाली द्या. बुडाशी गवताचं जाड कडं असतं. आपण कळशीखाली चुंबळ ठेवतो ना, तेच काम ते करतं, कारण आतल्या काचेचं बूड गोल असतं. काच फुंकली की फुगा गोलच होणार. त्याला सपाट बूड करायचं तर वेगळी मेहनत. एम्पोली, मोन्तेलुपो, गाम्बास्सी इथल्या भट्ट्यांमधून चौदाव्या शतकापासून असे पातळ गोल चंबू निघत आणि गवत त्यांना बैठकही देई, धक्क्यापासूनही वाचवी. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमध्ये चित्रकार गिर्लांदायोने रंगवलेला बाप्तिस्त योहानाच्या जन्माचा प्रसंग आहे. त्यात बाळंतिणीसाठी खाणंपिणं घेऊन येणारी दासी दिसते, तिच्याजवळचे गवती चंबू नीट बघा. पंधराव्या शतकाच्या अखेरचं चित्र आहे ते.

आता गवत. खरं गवत ‘साला’ नावाचं, दलदलीत वाढणारं. फुचेक्कियोच्या पाणथळ भागातून ते कापून आणत. वाळवून, गंधकाची धुरी देऊन ते फिकट करत, आणि विणायच्या आधी पुन्हा ओलं करत म्हणजे मोडत नाही. विणणाऱ्या बायका, फियास्काये, हे काम बहुतेक घरीच करत, नगावर मजुरी मिळे. चंबू मांडीत घ्यायचा, पाती उभी लावायची, आडव्या वेठाने आवळायची. म्हणून हाताच्या कामात प्रत्येक पात्याची रुंदी वेगळी दिसते, गाठ कुठेतरी आत खुपसलेली सापडते. नखाने पात्यावर हलकेच ओढा: खऱ्या गवताला लांबीच्या दिशेने बारीक शिरा लागतात आणि तुटलेलं टोक पिंजतं. प्लास्टिक सगळीकडे सारखं, गुळगुळीत, आणि तुटलं तर कडा स्वच्छ. शंका असेल तर बोट ओलं करून कड्याच्या खालच्या बाजूला दाबा. गवत गडद होतं, प्लास्टिकवर पाणी नुसतं बसून राहतं. काडी पेटवून बघण्याचा शहाणपणा करू नका, विक्रेता बघत असो वा नसो.

प्लास्टिक निघालं तर तो चंबू साधारण 1960च्या दशकातला किंवा नंतरचा. तोवर कारखान्यांत कामं मिळू लागली होती, घरी बसून कमी पैशांत विणायला कोण राहणार? शिवाय सरळ बाटली आडवी रचता येते, चंबू येत नाही. उत्तम वाइन बोर्दो पद्धतीच्या बाटलीत गेली आणि फियास्को स्वस्त वाइनचा, मग मेणबत्तीचा झाला. मला ती मेणबत्तीची फॅशन आवडत नाही. मेण गवतात मुरलं की काही केल्या निघत नाही.

काच उजेडासमोर धरा. हिरवट रंग, बुडबुडे, कमीजास्त जाडी ही फुंकून घडवल्याची लक्षणं. तोंडापर्यंत गेलेली उभी शिवण म्हणजे यंत्राचं काम. तोंडावरून बोट फिरवून ओठ जाड की नाजूक ते बघा. पूर्वी बुचाऐवजी मानेत ऑलिव्ह तेलाचा थर ओतत, म्हणजे वाइनला हवा लागत नसे. पिण्याआधी ते तेल झटक्याने उडवून टाकायचं किंवा तागाच्या बोळ्याने टिपायचं. अशा चंबूची मान नाजूक असली तरी चाले. बूच यंत्राने ठोकायचं म्हटल्यावर ती तडकू लागली. 1860च्या सुमारास वाइन-उत्पादक लाबोरेल मेलिनी यांनी जाड, मजबूत काचेचा चंबू वापरात आणला आणि कियांती दूरदेशी जाऊ लागली. जाड ओठ दिसला तर तो त्यानंतरचा धरायला हरकत नाही. नाजूक ओठावरून मात्र लगेच निष्कर्ष काढू नका, घरगुती वापराचे चंबू पुढेही तसेच होत राहिले.

घरी आणल्यावर माप घ्या. रिकामा तोला, नरसाळ्याने मानेपर्यंत पाणी भरा, पुन्हा तोला; जितके ग्रॅम वाढले तितके मिलिलिटर. जुन्या फ्लॉरेन्सच्या मापात 45.58 लिटरच्या बॅरलचे 20 फियास्को होत, म्हणजे एकात साधारण 2.28 लिटर. तेवढं भरलं तर मी खूश होते. पाऊण किंवा एक लिटर भरलं तर चंबू बराच अलीकडचा.

आता लेबल वाचा. काळा कोंबडा असेल तर 1924 नंतरचं, कारण ते ज्यांचं चिन्ह, तो कियांती उत्पादकांचा संघच त्या वर्षी राद्दा गावात स्थापन झाला. ‘डीओसी’ (वाइन ठरलेल्या प्रदेशातली असल्याचा सरकारी दर्जा) ही अक्षरं असतील तर 1967 नंतरचं, ‘डीओसीजी’ (त्याच्याही वरचा दर्जा) असतील तर 1984 नंतरचं, कारण कियांतीला ते दर्जे त्या वर्षी मिळाले. लेबलवर 1716 दिसलं आणि विक्रेत्याने भुवया उंचावल्या, तर हसून किंमत पाडा. त्या वर्षी टस्कनीचा राज्यकर्ता तिसरा कोसिमो याने कियांती प्रदेशाची हद्द ठरवली, चंबूशी त्याचा संबंध नाही.

साफ करताना चंबू पाण्यात बुडवू नका, गवताला बुरशी येते. आत थोडं व्हिनेगर आणि जाडं मीठ घालून हलवा, विसळा, तोंड खाली करून निथळू द्या. गवतावरून कोरडा मऊ ब्रश फिरवा, पात्यांच्या दिशेने. कडं सुटलं असेल तर सुती दोऱ्याने तात्पुरतं बांधा. डिंक लावू नका, पुढे नीट विणून घ्यायचं झालं तर तो काढता येत नाही. ठेवायची जागा कोरडी हवी, थेट ऊन नको.