कॉस्मिक हॉररचा फर्स्ट पर्सन रोगलाइक गेम कसा रचावा

रोगलाइक गेम आणि भय यांचे मुळातच फारसे जमत नाही. रोगलाइकमध्ये खेळाडू मरतो, पहिल्यापासून सुरुवात करतो आणि पुन्हा मरतो. तेच दरवाजे आणि तेच राक्षस त्याच्या डोळ्यांसमोरून असंख्य वेळा जातात. भीती मात्र अनोळखीपणावर जगते. विसाव्या वेळी समोर आलेला राक्षस हा केवळ एक हिशेब उरतो: तो किती फटक्यांत पडतो आणि त्यासाठी किती गोळ्या खर्च कराव्या लागतात. म्हणून कॉस्मिक हॉररचा, म्हणजे विश्व माणसाच्या बुद्धीपलीकडचे आहे या जाणिवेतून येणाऱ्या भयाचा, रोगलाइक रचायला घेणाऱ्याने भीती चित्रांपेक्षा नियमांत पेरावी, असे माझे ठाम मत आहे आणि पुढील सर्व सूचना त्याच मताला धरून केल्या आहेत.

या प्रकाराला ज्याच्यावरून नाव मिळाले तो ‘रोग’ हा गेम १९८० च्या सुमारास मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील शाखेत शिकत असताना लिहिला. दर खेळीला नवा नकाशा आणि मेल्यावर सर्वस्व गमावणे ही त्याची दोन वैशिष्ट्ये आजही टिकून आहेत. २००८ मध्ये बर्लिन येथे जमलेल्या रोगलाइककारांनी या प्रकाराची जी लक्षणे नोंदवली, त्यांत पाळीपाळीने खेळणे हेही एक होते. त्या कसोटीवर आपला फर्स्ट पर्सन, म्हणजे पात्राच्याच डोळ्यांनी पाहत खेळायचा, गेम उतरणार नाही, पण त्या वादात शिरण्याचे कारण नाही. आपल्याला जवळचा नमुना म्हणजे डेव्हिड पिटमन यांनी मायनर की गेम्ससाठी केलेला, २०१३ मध्ये आलेला ‘एल्ड्रिच’. त्याचे जग ठोकळ्यांचे आहे आणि खेळाडू एका ग्रंथालयातून, पुस्तके उघडून, निरनिराळ्या जगांत उतरतो. त्याचा सोर्स कोड पुढे खुला करण्यात आला, त्यामुळे सी प्लस प्लस वाचता येणाऱ्याने तो अवश्य चाळावा.

साधन म्हणून गोडो हे इंजिन, म्हणजे गेम बनवण्याचे सॉफ्टवेअर, सुचवतो. ते मोफत आहे, एमआयटी परवान्याखाली खुले आहे आणि साधारण लॅपटॉपवर चालते. येथील सूचना गोडोच्या चौथ्या आवृत्तीला धरून आहेत. युनिटी हे दुसरे इंजिन वापरणाऱ्यांना नावे बदलून त्या तशाच लागू करता येतील.

नकाशा

भिंती, खांब, पायऱ्या असे सर्वच संगणकाकडून यदृच्छया रचून घेण्याचा मोह आवरावा. अशा रचनेत जागा असते, पण कोणी तेथे राहून गेल्याची खूण नसते, आणि भयाला ती खूण हवी असते. खोल्या हाताने घडवाव्यात आणि त्यांची जुळणी तेवढी संगणकावर सोपवावी.

यासाठी नकाशा चौकोनी घरांच्या जाळीवर मांडावा. सुरुवातीला पाच गुणिले पाच घरे पुरतात. प्रत्येक घर दहा मीटर लांबीरुंदीचे ठेवावे आणि प्रत्येक बाजूची वाट बाजूच्या बरोबर मध्यावर, सर्व खोल्यांत सारख्याच रुंदीची व उंचीची ठेवावी, म्हणजे कोणतीही खोली कोणत्याही खोलीला जोडता येते. चार बाजूंपैकी प्रत्येक बाजू उघडी किंवा बंद असे धरल्यास सोळा शक्यता होतात. पण खोली फिरवून बसवता येत असल्याने खरे प्रकार सहाच उरतात: एकही वाट नसलेली, एका वाटेची, समोरासमोर दोन वाटांची, कोपऱ्यातल्या दोन वाटांची, तीन वाटांची आणि चारही बाजूंनी उघडी. त्यांतील पहिला प्रकार निरुपयोगी असल्याने पाच प्रकारांच्या प्रत्येकी चार, अशा वीस खोल्या घडवल्या की पहिली खेळती आवृत्ती उभी राहते. वर आणि खाली जाणाऱ्या वाटाही हव्या असतील तर सहाचे चोवीस प्रकार होतात, म्हणून मजले जोडण्याचे काम पहिल्या आवृत्तीत घेऊ नये.

जुळणी करताना एका घरापासून सुरुवात करून न पाहिलेल्या शेजारच्या घरात यदृच्छया शिरत जावे आणि वाट खुंटली की मागे येऊन दुसरी फांदी धरावी. अशाने प्रत्येक घरापर्यंत पोहोचता येते, परंतु कोणत्याही दोन घरांमध्ये नेमका एकच मार्ग उरतो. एकच मार्ग असलेल्या तळघरात राक्षस मागे लागला तर पळण्याला अर्थच राहत नाही. त्यामुळे उरलेल्या बंद भिंतींपैकी दहा-पंधरा टक्के भिंती नंतर उघडाव्यात, म्हणजे गोल फिरून निसटण्याच्या वाटा तयार होतात. बाहेर पडण्याचा दरवाजा सुरुवातीपासून सर्वांत जास्त पावलांवर असलेल्या घरात ठेवावा. किल्ली ठेवताना मात्र कुलूप असलेला दरवाजा भिंत समजून, सुरुवातीपासून जिथवर जाता येते तेवढी घरे आधी शोधावीत आणि किल्ली त्यांपैकीच एका घरात ठेवावी. नाही तर केव्हा ना केव्हा किल्ली कुलपाच्या आत अडकलेला नकाशा तयार होतोच.

यदृच्छेचा उगम एका संख्येत असतो, जिला सीड म्हणतात. तीच संख्या दिली की तोच नकाशा परत मिळतो. येथे एक काळजी घ्यावी. नकाशा, वस्तू आणि राक्षस यांच्यासाठी रँडमनंबरजनरेटरच्या, म्हणजे यदृच्छेने संख्या देणाऱ्या गोडोतील घटकाच्या, तीन वेगळ्या प्रती ठेवाव्यात. एकच प्रत सर्वांसाठी वापरली तर एका राक्षसाने इकडचे पाऊल तिकडे टाकताच पुढच्या मजल्याचा नकाशा बदलतो, आणि मग एखादी चूक पुन्हा घडवून पाहणे अशक्य होते.

अशक्य भूमिती

कॉस्मिक हॉररचा गाभा असा की विश्व माणसाच्या बुद्धीसाठी बनलेले नाही. हे सांगण्यासाठी ऑक्टोपससारख्या शुंडा असलेला देव दाखवण्यापेक्षा खेळाडूच्या दिशाज्ञानाला हात घालणे कितीतरी परिणामकारक ठरते, आणि तंत्राच्या दृष्टीने ते सोपेही आहे. सारख्याच आकाराचे, दोनदा वळणारे दोन बोळ नकाशात दूरदूर बसवावेत. खेळाडू पहिल्या बोळाच्या मधल्या तुकड्यात आला, म्हणजे मागचे तोंडही दिसत नाही आणि पुढचेही नाही, की त्याला दुसऱ्या बोळातील नेमक्या त्याच जागी हलवावे. बोळाच्या तुलनेत त्याची जागा, नजरेची दिशा आणि वेग जसेच्या तसे ठेवले तर सांधा कळत नाही. चार वेळा डावीकडे वळूनही तो मूळ जागी येत नाही आणि मनात नकाशा आखण्याची त्याची सवय मोडते.

हा खेळ मात्र नियमाने खेळावा. बोळ दर वेळी वेगळ्या ठिकाणी नेऊ लागला तर खेळाडू विचार करणे सोडून देतो, आणि विचार न करणाऱ्याला भीती वाटत नाही, फक्त कंटाळा येतो. एका खेळीत एक बोळ एकाच ठिकाणी नेईल आणि त्याआधी एक सूक्ष्म खूण दिसेल, उदाहरणार्थ फरशीच्या रेषा तिरक्या होतील, अशी व्यवस्था करावी. तंत्रातील अडचण राक्षसांच्या बाजूने येते: त्यांचा मार्ग जागेच्या अंतरावरून काढला तर त्यांना हे बोळ समजणारच नाहीत. म्हणून मार्गशोधन घरांच्या जोडण्यांवर करावे. गोडोतील एस्टार३डी या मार्ग शोधणाऱ्या घटकामध्ये बिंदू व जोडण्या हाताने देता येतात आणि दूरच्या दोन बिंदूंनाही शेजारी ठरवता येते. मात्र जोडणीचा खर्च तेथे प्रत्यक्ष चालावे लागते तेवढाच आणि अंतराचा आगाऊ अंदाज शून्य परत होईल असे करावे, कारण मुळात हे दोन्ही सरळ रेषेतील अंतरावर बेतलेले असतात आणि त्यामुळे हे बोळ लांबचे समजून टाळले जातात.

राक्षस

राक्षसांची संख्या वाढवू नये. तीन पुरेत, पण त्यांचे नियम एकमेकांना छेद देणारे असावेत. पहिला आवाजाने येतो, त्यामुळे त्याच्यापुढे धावणे धोक्याचे. दुसरा फक्त नजर नसताना हलतो, त्यामुळे त्याच्याकडे पाहत मागे सरकावे लागते. तिसरा मरत नाही. खेळाडू सेकंदाला सहा मीटर धावत असेल तर या तिसऱ्याचा वेग तीन मीटर ठेवावा, पण त्याला बंद दरवाजे अडवत नाहीत आणि खेळाडू कोठे आहे हे त्याला नेहमी ठाऊक असते. असा शत्रू वस्तू शोधण्याच्या प्रत्येक मिनिटाला किंमत लावतो. हे तिघे एकाच खोलीत भेटले की जो पेच पडतो तो कोणत्याही चित्रकाराला रंगवता येणार नाही.

दुसऱ्या राक्षसासाठी व्हिजिबलऑनस्क्रीननोटिफायर३डी हा नोड (गोडोतील तयार घटक) वापरण्याची पद्धत आहे, परंतु तो राक्षस कॅमेऱ्याच्या चौकटीत आहे एवढेच सांगतो, मध्ये भिंत आहे की नाही हे सहसा पाहत नाही. त्यामुळे भिंतीपलीकडचा राक्षसही उगाच थिजून राहतो. नोटिफायरने होकार दिल्यावर कॅमेऱ्यापासून राक्षसाच्या डोक्यापर्यंत आणि छातीपर्यंत दोन किरण टाकून खात्री करावी.

अनोळखीपणा टिकवण्याची उत्तम युक्ती मूळ ‘रोग’मध्येच आहे. तेथे औषधांचे रंग आणि मंत्र लिहिलेल्या गुंडाळ्यांची नावे दर खेळीला बदलतात. कालचे निळे औषध जखम भरत होते म्हणून आजचे भरेल असे नाही. आपल्या गेममधील शिलालेखांची चिन्हे याच पद्धतीने बदलावीत. शिवाय ज्ञानाला दाम लावावा: शिलालेख वाचला तर त्या मजल्याचा नकाशा कळतो, पण मनःस्वास्थ्याची कमाल मर्यादा त्या खेळीपुरती कायमची घटते. वाचावे की न वाचावे हा प्रश्न पन्नासाव्या खेळीतही पहिल्याइतकाच अवघड राहतो.

मनःस्वास्थ्याची कल्पना जुनी आहे. केऑसियम या प्रकाशनसंस्थेने १९८१ मध्ये काढलेल्या, सँडी पीटरसन यांच्या टेबलावर खेळायच्या गेममध्ये ती गुणांच्या रूपात आली, आणि २००२ मध्ये निन्टेंडोच्या गेमक्यूब या खेळयंत्रावर आलेल्या ‘इटर्नल डार्कनेस’ने आवाज कमी झाल्याचा किंवा साठवलेली खेळी पुसली जात असल्याचा आभास निर्माण करून खेळाडूलाच चकवले. असे चकवे एकदाच चालतात. रोगलाइकमध्ये ते तिसऱ्या खेळीला विनोद बनतात. त्यापेक्षा माहितीत थोडी भेसळ करावी: पावलांचा आवाज चुकीच्या दिशेने येतो, किंवा उरलेल्या काडेपेट्यांची संख्या एकाने जास्त दिसते. कळ दाबल्यावर होणाऱ्या क्रियेत मात्र कधीही ढवळाढवळ करू नये, कारण तो दोष खेळाडू राक्षसाच्या नव्हे, तर गेमच्या माथी मारतो.

प्रकाश आणि ध्वनी यांबाबत थोडक्यात. व्हॉल्युमेट्रिक, म्हणजे प्रकाश अडवणारे दाट, धुके गोडोमध्ये केवळ फॉरवर्ड प्लस या रेंडररवर (पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या भागावर) चालते; जुन्या लॅपटॉपसाठी कम्पॅटिबिलिटी रेंडरर आणि साधे धुके निवडावे. राक्षसाचा आवाज भिंतीआडून येताना उंच स्वर गाळणाऱ्या लो-पास फिल्टरमधून न्यावा, म्हणजे तो दबलेला वाटतो. चालताना होणारी डोक्याची डोलणी बंद करण्याची आणि दृष्टिक्षेत्राचा विस्तार बदलण्याची सोय द्यावी, नाही तर काही खेळाडूंना भीतीऐवजी मळमळ होईल.

मृत्यू, मजकूर आणि हक्क

एक खेळी साधारण अर्ध्या तासात आटोपेल असा बेत ठेवावा. बाहेर पडताना खेळी साठवावी आणि पुन्हा उघडताच ती फाइल पुसावी, म्हणजे जुन्या क्षणाकडे परतण्याचा सरळ मार्ग राहत नाही. वीज गेल्यास खेळी बुडते, पण ठरावीक अंतराने आपोआप साठवणूक केल्यास तो तोटा कमी होतो, मात्र गेम जबरदस्तीने बंद करून त्या साठवणुकीपर्यंत मागे येण्याची पळवाट उरते. मेल्यानंतर जास्त ताकद किंवा चांगले शस्त्र पुढच्या खेळीत देणे मला पसंत नाही, कारण त्याने मरण हा पगार होतो. पुढे न्यायचेच असेल तर मजल्यांवर सापडलेल्या लिखित नोंदी तेवढ्या ‘एल्ड्रिच’सारख्या एखाद्या ग्रंथालयात जमू द्याव्यात.

या नोंदी मराठीत असाव्यात, असे का नको? गोडोच्या तिसऱ्या आवृत्तीत जोडाक्षरे नीट जुळत नव्हती, पण चौथ्या आवृत्तीत देवनागरीची जुळणी व्यवस्थित होते. त्यासाठी देवनागरी अक्षरे असलेला फाँट प्रकल्पात घालावा लागतो. मुंबईच्या एक टाइपने केलेला ‘मुक्त’ किंवा नोटो सान्स देवनागरी हे दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत. मात्र मजकूर एकेक अक्षराने उमटवताना काळजी घ्यावी, नाही तर मात्रा आणि वेलांट्या आपल्या व्यंजनावाचून लटकलेल्या दिसतात.

या भयप्रकाराचा मूळ लेखक एच. पी. लव्हक्राफ्ट १९३७ मध्ये वारला. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क चालतो, त्यामुळे त्याने स्वतः हयातीत प्रसिद्ध केलेल्या कथांतील देवदेवता येथे मोकळ्या आहेत. नंतरच्या लेखकांनी आणि कंपन्यांनी घातलेली भर तशी नाही. परदेशात विक्री करायची असल्यास त्या त्या देशाचा कायदा वेगळा पाहावा. माझ्या मते ती नावे वापरूच नयेत: ती खेळाडूला आधीच ओळखीची आहेत, आणि त्या कथांत परक्या वंशांविषयी जी घृणा मिसळली आहे तीही नावांबरोबर आत येते.

तपासणी

माणसाकडून खेळवून घेण्याआधी यंत्राकडून नकाशे तपासावेत. गोडो ‘हेडलेस’ पद्धतीने, म्हणजे खिडकी न उघडता, चालवता येते. एक ते एक हजार असे सीड देऊन प्रत्येक नकाशात किल्ली गाठता येते का, दरवाजा गाठता येतो का, सर्वांत जवळचा मार्ग किती घरांचा आहे आणि पहिल्या तीन घरांत न मरणारा राक्षस तर नाही ना, एवढे चार प्रश्न विचारावेत आणि नापास सीडची यादी फाइलमध्ये लिहावी. मृत्यूच्या पडद्यावर सीडबरोबर आवृत्तीचा क्रमांकही छापावा, कारण खोल्यांच्या यादीत एक खोली वाढवली तरी त्याच सीडमधून वेगळा नकाशा निघतो आणि खेळाडूने कळवलेली चूक तुमच्या संगणकावर दिसत नाही.