दिवाळीच्या सुट्टीनंतर फाउंड्री सुरू करण्याआधी

भोसरीतल्या फाउंड्र्या दिवाळीत थंड असतात, धुळीची कामं तेव्हाच काढावीत. एकदा भट्टी पेटली की चाकणहून मालासाठी फोन सुरू होतात आणि कुणालाच सवड उरत नाही. सुरू करायच्या दोन दिवस आधी मेंटेनन्सचे दोघं, सुपरवायझर आणि फेटलिंगमधला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करण्याच्या कामातला, एखादा जुना माणूस बोलावून घ्या. हा जुना माणूस हवाच. धूळ नेमकी कुठून उठते हे त्याला ड्रॉइंगपेक्षा जास्त ठाऊक असतं.

सुरुवात डस्ट कलेक्टरपासून. पंखा घुमतोय म्हणजे ओढ आहे असं धरून चालू नका. नॉकआउटला कास्टिंग साच्यातून झाडतात, तिथे हुडसमोर, म्हणजे धूळ ओढणाऱ्या पाइपच्या तोंडासमोर, पेटती उदबत्ती धरा. धूर सरळ आत गेला तर ठीक. तो वर रेंगाळला किंवा कामगाराच्या तोंडाकडे वळला, तर डक्ट तुंबलाय, फिल्टरच्या पिशव्या भरल्यात, नाहीतर कुणीतरी डँपर, म्हणजे डक्टमधली हवेची झडप, बंद करून ठेवलाय. आधी डँपर बघा, फुकटात काम होतं. मग हुडचं अंतर. सहा इंची पाइपच्या तोंडापासून सहा इंचांवर हवेचा वेग जेमतेम दहावा हिस्सा उरतो. क्रेनला आड येतो म्हणून हुड हातभर सरकवलेला असेल, तर तो फक्त शोभेचा. क्रेनवाल्याला बोलावून त्याच्यासमोरच जागा ठरवा.

दुसरी तपासणी अंधारात. शेडचे दिवे बंद करा, एकाला मास्क लावून दोन मिनिटं ग्राइंडर चालवायला सांगा आणि कामाच्या पलीकडून तुमच्या दिशेने टॉर्च मारा. एरवी स्वच्छ वाटणाऱ्या हवेत धुळीचा लोट दिसेल. डोळ्यांना सहज दिसणारी जाड धूळ बरीचशी नाका-घशातच अडकते; फुप्फुसाच्या तळाशी पोचते ती साधारण पाच मायक्रॉनच्या आतली.

‘अहो, मोशीच्या क्रशरवर आयुष्य काढलं, काही झालं नाही,’ असं म्हणणारा एकजण भेटतोच. क्रशरची धूळही बरी नव्हेच, पण इथला काळा दगड बेसाल्टचा, त्यात सुटं क्वार्ट्झ फार कमी. साच्याची वाळू मात्र बहुतेक सगळी क्वार्ट्झच, आणि फुप्फुसाला खरी बाधते ती क्वार्ट्झचीच बारीक धूळ. दोन्ही धुळी एका मापाने मोजू नयेत.

सफाईचं सामान बदला. कोरडा झाडू आणि कपडे झटकायला हवेचा पाइप, दोन्ही बंद. बारीक धूळही अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम घ्या. फेटलिंगमध्ये जमीन ओलसर करून झाडलं तरी चालेल, पण भट्टी आणि ओतकामाजवळ पाण्याचा थेंबही नको. वितळलेल्या धातूखाली पाणी सापडलं तर स्फोट होतो. ॲल्युमिनिअमची बारीक भुकटी असेल तर ही ओली युक्ती तिथेही नको, पाण्याशी तिचा हायड्रोजन तयार होतो.

मास्कची ऑर्डर या सगळ्यानंतर द्या. आधी मास्क आणले की हुडचं काम मागे पडतं, हे ठरलेलंच. आयएस ९४७३ छापलेला, एफएफपी२ दर्जाचा घ्या आणि ठेकेदाराची माणसंही मोजा. दोन्ही पट्ट्या डोक्यामागे हव्यात. दाढी वाढलेली असेल तर कडेने हवा शिरते, तेव्हा दाढी काढायची हे आधीच सांगा. रुमालाचा इथे काही उपयोग नाही.

गावाहून परतलेल्यांचा आणि नव्यांचा छातीचा एक्स-रे व स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणं) कामाला लावण्याआधी करून घ्या. सिलिकोसिस, म्हणजे क्वार्ट्झच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, बहुधा दहा-पंधरा वर्षांनी दिसतो. तोवर माणूस गावी गेलेला असतो आणि तिथे त्याच्यावर टीबीचे उपचार सुरू असतात. सिलिकोसिस बरा होत नाही, शिवाय त्याने टीबीचा धोकाही वाढतो. म्हणून एक्स-रेची फिल्म कामगाराच्या हातात द्या आणि रिपोर्टवर ‘वाळूच्या धुळीत काम’ असं स्पष्ट लिहून घ्या. १९४८ च्या कारखाने अधिनियमापासून हा आजार सरकारला कळवणं बंधनकारक आहे. ईएसआयसीची कार्डं चालू आहेत का तेही पाहा. मोहननगरच्या दवाखान्यात पोचल्यावर कार्ड बंद निघालं तर खाडा कामगाराचाच होतो.

चहा ग्राइंडरच्या बाकावर येणार नाही, कामाचे कपडे घरी जाणार नाहीत, एवढं पहिल्याच दिवशी सांगा. आणि प्रत्येक हुडवर मेंटेनन्सवाल्याचा नंबर रंगवून त्याखाली लिहा: ओढ बंद, तर काम बंद.