बिनशंखाच्या गोगलगायीचे शरीर कसे पाहावे

मृगाचा पाऊस लागला की खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या परसांत केळीच्या बुंध्याशी आणि न्हाणीच्या दगडावर बिनशंखाच्या गोगलगायी दिसू लागतात. शेतीच्या लेखनात यांनाच शेंबी म्हणतात. दिसताक्षणी मीठ टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. मिठामुळे अंगातले पाणी बाहेर ओढले जाऊन हा जीव तडफडून मरतो. निदान एक रात्र तरी मीठ बाजूला ठेवून तिला नीट पाहावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

संध्याकाळी परसात ओले गोणपाट पसरावे आणि अंधार पडल्यावर मंद बॅटरी घेऊन ते उचलून पाहावे. उघड्या हाताने तिला धरू नये, कारण उंदरांच्या फुप्फुसात वाढणाऱ्या एका जंताच्या अळ्या तिच्या अंगात असू शकतात. हातमोजे घालावेत किंवा तिला पानावर चढू द्यावे.

मग तिला स्वच्छ काचेवर ठेवून काच डोळ्यांच्या वर धरावी. तळव्यावर शेपटीकडून डोक्याकडे सरकत जाणारे पट्टे दिसतात. स्नायूंच्या या लाटांवर आणि स्वतःच्याच चिकट स्रावावर ती पुढे जाते. समोर काकडीची चकती ठेवल्यास तोंडाची हालचाल दिसते. आत हजारो सूक्ष्म दातांची पट्टी असते, तिने ती अन्न किसून खाते. वरच्या शिंगांच्या टोकांवर डोळे असतात. गवताच्या काडीने हलकेच स्पर्श करताच, पायमोज्याचे टोक आतून ओढावे तसे शिंग आत उलटते. खालची आखूड शिंगे वास आणि चव घेण्यासाठी असतात.

आता उजवी बाजू पाहावी, कारण खरी गंमत तिथेच आहे. पाठीच्या पुढच्या भागावरील ढालीसारख्या आवरणाच्या उजव्या कडेला एक छिद्र सावकाश उघडते आणि मिटते. ते श्वासाचे द्वार होय. प्रत्येक गोगलगायीत नर आणि मादी दोन्ही अवयव असतात, त्यांचे द्वारही डोक्यामागे उजवीकडेच असते.

मात्र ढाल आणि छिद्र सापडले नाही, पाठ चामड्यासारखी असून मधोमध फिकट रेघ असेल, तर ती मूळची आफ्रिकेतील चपटी जात समजावी. तिचे श्वासद्वार मागच्या टोकाशी असते आणि उलटी केल्यास तळवा अगदी अरुंद दिसतो.

पाहून झाल्यावर तिला त्याच गोणपाटाखाली सोडावे, कारण कोरड्या हवेत ती लवकर सुकते. नंतर हात आणि काच साबणाने धुवावी.