गिअरचं सामान बदलण्याआधी मागचं चाक काढा

गिअरवाल्या सायकलला नवं सामान घालायचं ठरलं की मोबाइलवर किमती बघत बसू नका, आधी मागचं चाक काढा. सातचे नऊ गिअर करायचे म्हणून मी कॅसेट मागवली आणि ती हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, बसेचना, कारण तिथे आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील होतं. आपल्याकडे तालुक्याला पार्सल यायलाच दिवस जातात, परत पाठवायचं म्हणजे त्याहून ताप.

फ्रीव्हीलमध्ये दातेरी चकत्या आणि टिकटिक वाजणारी यंत्रणा एकाच डब्यात असते, आणि तो अख्खा डबा हबच्या आट्यांवर आवळलेला असतो. कॅसेट म्हणजे नुसत्या चकत्या. टिकटिक हबच्याच अंगात, त्या भागाला फ्रीहब म्हणतात. चकत्या त्याच्या उभ्या खाचांवर सरकवायच्या आणि वरून लॉकरिंग ही कडी आवळायची. आता चाक हातात धरून चकत्यांच्या मधोमध बघा, पाना बसायला आतून खाचा असलेली गोल कडी दिसेल. चकत्या उलट्या फिरवा. कडी सोबत फिरली तर कॅसेट, कडी जागेवरच राहिली तर फ्रीव्हील. ग्रीस-मातीच्या थराखाली काही दिसत नसेल तर डिझेलच्या चिंधीने पुसा, पण डिस्क ब्रेक असेल तर डिस्कला डिझेलचा थेंबही लागू देऊ नका. ‘माझी सायकल महाग आहे, कॅसेटच असणार’ हे चालायचं नाही. चाक काढून बघा.

फ्रीव्हील निघालं तर सातच ठेवा. शिमानो कंपनीचं एमएफ-टीझेड५०० हे १४-३४ दात्यांत मिळतं, आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायचा असेल तर मागे ३४ हवेतच. आठ-नऊच्या फ्रीव्हीलच्या नादी लागू नका. त्यात हबचं उजवं बेअरिंग आणखी आत राहतं, एक्सलचा लांब तुकडा आधाराविना उरतो आणि पांदणीच्या गोट्यांवर वाकतो, कधी तुटतोही. कॅसेटच हवी असेल तर फ्रीहबवाला हब घ्या, आणि त्याआधी रिमची भोकं मोजा, ३२ की ३६. फ्रेमच्या मागच्या दोन टोकांमधलं अंतरही मोजा. साध्या एमटीबीला, म्हणजे डोंगरी सायकलला, ते बहुधा १३५ मिमी असतं.

कॅसेट निघाली तरी काम संपत नाही. फ्रीहब कोणत्या जातीचा तेही बघायचं. शिमानोच्या नेहमीच्या, एचजी नावाच्या फ्रीहबवर आठ, नऊ, दहा आणि एमटीबीच्या अकरा गिअरच्या कॅसेट बसतात. सातवाला जुना फ्रीहब आखूड असतो, त्यावर त्या बसत नाहीत. सर्वांत लहान चकती १० दात्यांची असेल तर थांबा. शिमानोच्या डिओरे एम६१०० ची १०-५१ कॅसेट मायक्रो स्प्लाइन या वेगळ्या जातीच्या फ्रीहबवरच बसते, एचजीवर काही केल्या नाही. दुकानदार ‘बसते हो’ म्हणाला तरी हब समोर ठेवून विचारा.

मग शिफ्टर, म्हणजे हँडलवरचा गिअरचा खटका, आणि डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा भाग. शिमानोच्या एमटीबीत सहा ते नऊ गिअरपर्यंत केबल ओढायचं माप एकच, म्हणून नऊच्या शिफ्टरवर आठचा डिरेलर चालतो. दहापासून माप बदललं, ते यांच्यात मिसळू नका. २०२३ मध्ये आलेलं शिमानोचं क्यूज तर वेगळंच घराणं, त्याचं त्याच्याशीच जोडा. डिरेलरची कुवतही तपासा, म्हणजे दात्यांच्या किती फरकाची चेनची ढील तो ओढून घेतो ते. पुढे ४२-३४-२४ आणि मागे ११-३४ असेल तर पुढचा फरक १८, मागचा २३, बेरीज ४१. शिमानोच्या आल्टस एम३१० डिरेलरला ४३ ची कुवत आणि ३४ ची मोठी चकती झेपते, म्हणजे जमतं.

चेन गिअरच्या संख्येप्रमाणे. सहा, सात, आठला एकच, नऊपासून बारीक.

हत्यारं हबवर ठरतात, म्हणजे पुन्हा तेच, आधी हब बघा. फ्रीव्हीलचा पाना आणि लॉकरिंगचा पाना दिसायला सारखे, पण एक नाहीत. फ्रीव्हील दर पेडलसरशी आणखी आवळत जातं, साध्या पान्याने सुटत नाही. वेल्डिंगवाल्याच्या शिकंजात पाना उभा आवळा, चाक त्यावर नीट बसवा आणि दोन्ही हातांनी रिम धरून डावीकडे फिरवा. पाना अर्धवट बसला तर खाचा गोल होतात, मग ते फ्रीव्हील फोडूनच काढावं लागतं. कॅसेट काढताना चकत्या धरून ठेवायला चेन-व्हिप, म्हणजे चेनचा तुकडा लावलेला दांडा, लागतो, नाहीतर चकत्या नुसत्या फिरत राहतात. बसवताना फ्रीव्हीलच्या आट्यांना ग्रीस लावाच.

केबलचं आवरण गिअरचंच घ्या, ब्रेकचं नको. कापलेलं टोक कानशीने सपाट करा.

चेनची लांबी: डिरेलरमधून न ओवता पुढच्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर गुंडाळा, आणखी दोन कड्या ठेवून तोडा. डिरेलर ज्यावर लटकतो तो हँगर वाकडा असेल तर आधी तो सरळ करा. मग डिरेलरची दोन्हीकडची हद्द ठरवणारे एच आणि एल स्क्रू, मग केबल. पावसाळ्यात काळी माती डिरेलरच्या चाकांत भरली की सेटिंगशी खेळू नका, आधी धुवा. नवी केबल थोडी सैल पडतेच, पहिल्या लांब फेरीनंतर केबल ताणायचा बॅरल अर्धा फेरा उलगडा.