हेरपट लिहिताय? मग या चुका टाळा

हेरपटाची पटकथा फसली की दोष बहुतेक वेळा बजेटला दिला जातो, नाहीतर हाणामारीला. माझ्या मते ती फसते त्याच्या बरीच आधी, लेखक सगळी गुपितं स्वतःच्या खिशात ठेवून बसतो तेव्हा. नायकाला काय ठाऊक आहे, खलनायकाला काय हवंय, बॅगेत काय दडलंय, यातलं काहीच प्रेक्षकाला कळू दिलं जात नाही, आणि लेखकाला वाटत राहतं की उत्कंठा वाढतेय. समोरचा माणूस मात्र विसाव्या मिनिटाला मोबाइल बाहेर काढतो. चाळीस ते साठच्या दशकांतले चांगले हेरपट मी पुन्हा पुन्हा पाहत आलोय. शेवट पाठ असूनही ते रंगतात, कारण ते आपल्याला कटात सामील करून घेतात. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ या एका गोष्टीच्या विसरात आहे. (या चित्रपटांचे शेवट सांगावे लागणार आहेत, त्याला इलाज नाही.)

धक्क्यालाच उत्कंठा समजणं

दिग्दर्शक हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला सांगितलेलं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण प्रसिद्ध आहे. दोन माणसं गप्पा मारताहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. तोच बॉम्ब ठेवला जाताना आधी दाखवला, तर त्याच साध्यासुध्या गप्पा पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकल्या जातात. हे सगळ्यांना पाठ असतं. लिहायला बसल्यावर मात्र हात धक्क्याकडे वळतो, कारण धक्का लिहायला सोपा असतो.

हिचकॉकच्याच 'नटोरियस'मधली (१९४६) मेजवानी बघा. अमेरिकेची हेर असलेल्या इंग्रिड बर्गमनने नाझी नवऱ्याच्या जुडग्यातून मद्याच्या तळघराची किल्ली काढून घेतली आहे. कॅमेरा उंचावरून सगळा दिवाणखाना दाखवतो आणि खाली येत येत थेट तिच्या मुठीपर्यंत पोचतो. मुठीत किल्ली. पाहुण्यांनी भरलेल्या त्या घरात ती कुठे आहे हे तिला आणि आपल्याला माहीत. पुढे तर कमालच आहे. ती आणि तिच्यासोबतचा अमेरिकन हेर केरी ग्रँट तळघरात शिरतात आणि इकडे वर बर्फात ठेवलेल्या शॅम्पेनच्या बाटल्या एकेक करून कमी होऊ लागतात. संपल्या की नवरा आणखी आणायला खाली येणार आणि किल्ली नाही हे त्याच्या लक्षात येणार. बंदूक नाही, पाठलाग नाही. एका टबातल्या बाटल्या मोजताना आपला घसा कोरडा पडतो.

तुमच्या पटकथेत जिथे 'आणि अचानक' असे शब्द आले असतील, त्या जागांवर खूण करा. प्रत्येक ठिकाणी विचारा, ही गोष्ट प्रेक्षकाला दोन पानं आधी कळली तर काय होईल? दहातल्या सात-आठ ठिकाणी प्रसंग सुधारेल असा माझा अंदाज आहे. उरलेले धक्के खुशाल ठेवा. तेही लागतात.

फाइलमध्ये काय आहे हे समजावत बसणं

ज्या वस्तूमागे सगळे धावतात ती काय आहे, याला फारसं महत्त्व नसतं. 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मध्ये (१९५९) ती एका मूर्तीत लपवलेली मायक्रोफिल्म आहे आणि तिच्यात नेमकं काय आहे हे कुणीही सांगत नाही. 'सरकारी गुपितं', बस्स. याच चित्रपटात विमानतळावर गुप्तहेर खात्याचा म्हातारा अधिकारी नायकाला सगळी भानगड उलगडून सांगतो, आणि नेमकं तेव्हा विमानाच्या घरघरीत त्याचं बोलणं बुडून जातं. हे धाडस कशाच्या जोरावर? तो जे सांगतोय ते आपल्याला केव्हाच कळलंय. ज्या कॅपलन नावाच्या हेराच्या नादात नायकाच्या जिवावर बेतलंय, तो हेर अस्तित्वातच नाही, हे प्रेक्षकाला नायकाच्या कितीतरी आधी सांगून टाकलेलं असतं. नायक त्याला शोधत शहरं पालथी घालतो आणि आपण खुर्चीत चुळबुळत राहतो.

खलनायकाच्या बेताचं मात्र उलटं. तो एका वाक्यात कळायलाच हवा. 'गोल्डफिंगर'मध्ये (१९६४) बाँड आधी हिशेब मांडून दाखवतो की फोर्ट नॉक्समधलं, म्हणजे अमेरिकी सरकारच्या तिजोरीतलं सोनं वाहून न्यायलाच कितीतरी दिवस लागतील, म्हणजे दरोडा शक्य नाही. मग समजतं की सोनं चोरायचंच नाहीये. ते किरणोत्सारी करून वर्षानुवर्षं निकामी करायचं, म्हणजे खलनायकाजवळच्या सोन्याचा भाव गगनाला भिडेल. शाळकरी मुलालाही पटेल असा बेत आहे हा. तुमच्या खलनायकाचा बेत सांगायला तीन मिनिटांचं भाषण लागत असेल, तर भाषण कापू नका, बेत बदला.

गॅजेट ऐनवेळी खिशातून काढणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. नायक कोपऱ्यात सापडतो, घड्याळाची कळ दाबतो, काहीतरी उडतं, सुटका. प्रेक्षकाला वाटतं, हे जवळ होतं तर मघाशी मार का खाल्ला?

याचं उत्तर 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मध्ये (१९६३) आहे. सुरुवातीला बाँडला एक साधी काळी ब्रीफकेस मिळते. तिच्यात सोन्याची ५० नाणी, लपवलेला चाकू आणि टाल्कम पावडरच्या डब्यात भरलेला अश्रुधूर. कुलपाच्या खिट्ट्या आडव्या न फिरवता केस उघडली तर धूर तोंडावर फुटतो, हे तिथेच करून दाखवतात. नंतर चित्रपट या धुराबद्दल चकार शब्द काढत नाही आणि आपणही विसरून जातो. मग ओरिएंट एक्सप्रेसच्या डब्यात मारेकऱ्याने बाँडला गुडघ्यांवर बसवलंय, पिस्तूल रोखलंय. बाँड एका सिगारेटच्या बदल्यात सोन्याची नाणी देऊ करतो. स्वतःच्या केसमधली काढून दाखवतो आणि सांगतो की तिथल्याच तशाच दुसऱ्या केसमध्येही असतील. मारेकरी हावरट, तो दुसरी केस स्वतःच उघडायला जातो.

त्या क्षणी आपल्याला एकदम आठवतं. धूर अजून फुटलेला नसतो, पण आपण सावरून बसलेलो असतो. गॅजेट इथे सुटका करत नाही. सुटका करते ती बाँडने ओळखलेली समोरच्याची हाव, आणि ही युक्ती आपल्याला बाँडच्या बरोबरीने सुचल्यासारखी वाटते. चाकूही विसरलेला नाही, तो त्याच झटापटीत कामाला येतो.

म्हणून कुठलंही उपकरण दाखवाल तेव्हा त्याचा एक नियम दाखवा, शक्यतो एखादी अडचणही. आणि मधे पुरेसं अंतर ठेवा. वीस पानांच्या आत वापरलंत तर ते जाहिरातीसारखं दिसतं.

नायकाला काहीच न होणं

यावर फार लिहीत नाही. 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'चा नायक जाहिरात कंपनीतला माणूस आहे, हेरगिरीशी त्याचा संबंध नाही. बाँडसारखा बाँडही 'गोल्डफिंगर'मध्ये टेबलाला जखडला जातो, लेझर सरकत येतो आणि त्याच्याजवळ एकही उपकरण नसतं. चोरून ऐकलेले दोन शब्द तेवढे असतात. आपल्याला सगळं ठाऊक आहे असं भासवून तो जीव वाचवतो. आपल्याला माहीत असतं की त्याला काहीही ठाऊक नाही. एवढंच करा, नायकाला थापेवर जगायला लावा.

पाठलागात दिशा हरवणं

कॅमेरा हलवला, तुकडे बारीक केले, संगीत वाढवलं की वेग येतो, असा एक समज आहे. येतो तो गोंधळ. कोण कुठे आहे आणि आडोसा किती लांब आहे हे कळलं नाही तर भीती वाटणार कशी?

'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मधला पिकांवर औषध फवारणाऱ्या विमानाचा प्रसंग याच कारणासाठी अभ्यासावा. भर दुपार, सपाट माळरान, सरळ रस्ता आणि सुटाबुटातला एक माणूस. पहिली काही मिनिटं काहीही घडत नाही. गाड्या येतात, जातात. पलीकडे उभा असलेला एक जण बसची वाट पाहता पाहता सहज म्हणतो की ते विमान पीक नसलेल्या जागी फवारणी करतंय, आणि बस पकडून निघून जातो. तेवढ्या वेळात सगळा नकाशा आपल्या डोक्यात बसलेला असतो: रस्ता, उघडी जमीन, एका बाजूला मक्याचं शेत. विमान झेपावतं तेव्हा तो कुठे पळणार हे आपल्याला दिसतं, आणि मक्यात शिरल्यावर विमान काय करणार हेही कळून चुकतं, कारण ते फवारणीचं विमान आहे. विमान टँकरवर आदळेपर्यंत पार्श्वसंगीताचा एक सूर नाही, फक्त इंजिनाचा आवाज.

पाठलाग लिहिण्याआधी कागदावर जागेचं चित्र काढा. लपण्याच्या दोन-तीन जागा ठरवा आणि धोका सुरू होण्याआधी त्या प्रेक्षकाच्या नजरेखालून जाऊ द्या.

शेवट स्फोटावर सोडणं

स्फोटाला माझा विरोध नाही, 'गोल्डफिंगर'चा शेवट मीही दर वेळी आवडीने बघतो. पण आधीच्या शंभर मिनिटांत पेरलेली माहिती शेवटी कामाला आली नाही, तर कितीही काही उडवा, ते उपरं वाटतं.

'नटोरियस'मध्ये मद्याच्या बाटलीवरून जरासा गडबडलेला नवऱ्याचा एक साथीदार बराच आधी संपवला जातो. इथे चुकीला माफी नाही, हे आपण तेव्हाच मनाशी नोंदवतो. पुढे नवऱ्याला कळतं की बायको अमेरिकेची हेर आहे. साथीदारांना ते समजलं तर आधी त्याचाच जीव जाईल, म्हणून तो तिला गुपचूप विष देत राहतो. शेवटी केरी ग्रँट तिला आधार देत जिना उतरवतो. खाली साथीदार उभे, शेजारी नवरा, आणि तोंड उघडायची सोय त्यालाच नाही. पायरी पायरी करत सगळे दाराबाहेर पोचतात. ग्रँट तिला गाडीत बसवतो, नवरा मलाही घ्या म्हणून विनवतो, आणि ग्रँट गाडीचं दार आतून बंद करतो. गाडी निघून जाते. मागून साथीदाराचा शांत आवाज येतो, जरा आत ये, बोलायचंय. तो वळतो, पायऱ्या चढतो आणि घराचं दार त्याच्यामागे लागतं.