करमुक्त रोखे शेअर बाजारातून कसे घ्यावेत

महापालिकेचा रोखा (बाँड) म्हणजे करमुक्त व्याज, हा अमेरिकेतला नियम आपल्याकडेही तसाच सांगितला जातो. पण पुणे महापालिकेने २०१७ मध्ये आणि इंदूरने २०२३ मध्ये काढलेल्या रोख्यांचे व्याज करपात्र आहे. आपल्याला हवेत ते एनएचएआय, आरईसी, पीएफसी, आयआरएफसी, हुडको या सरकारी संस्थांचे करमुक्त रोखे. २०१६ नंतर असे नवे रोखे आलेले नाहीत, म्हणून जुनेच बाजारातून घ्यायचे.

डीमॅट खात्यातून रोखा शोधा, मुदत आणि पतमानांकन (क्रेडिट रेटिंग) पाहा.

खरी गोम भावात आहे. समजा दर्शनी किंमत १,००० रुपये, व्याज ८.५ टक्के, पाच वर्षे शिल्लक आणि भाव १,१२८. वर्षाला ८५ रुपये मिळतात, म्हणजे साडेसात टक्के सुटले, असे सांगणाऱ्याचे अजिबात ऐकू नका! मुदतीअखेर हातात १,०००च येणार. वरचे १२८ रुपये धरले की परतावा साडेपाच टक्क्यांवर येतो.

शिवाय भावात साचलेले व्याजही असते. मागचे व्याज मिळून दहा महिने झाले असतील, तर या रोख्याच्या भावात सत्तरेक रुपये त्याचेच असतात. त्यामुळे दोन रोख्यांचे नुसते भाव शेजारी ठेवून काहीच कळत नाही. एक्सेलमध्ये एक्सआयआरआर (तारखांनुसार वार्षिक परतावा काढणारे सूत्र) लावा: खरेदीच्या तारखेला दलालीसकट रक्कम उणे, पुढे व्याजाच्या तारखा, शेवटी १,००० रुपये. दलालाच्या ॲपवर दिसणारा परतावा या आकड्याशी जुळल्याशिवाय खरेदी करू नका. व्याजदरही माहितीपत्रकातूनच घ्या, कारण काही मालिकांमध्ये जादा व्याज फक्त मूळ वाटपदाराला, म्हणजे रोखा पहिल्यांदा ज्याला मिळाला त्याला मिळते आणि दुसऱ्याच्या हाती गेल्यावर दर उतरतो.

आता तुलना. ३० टक्के कर भरणाऱ्याला साडेपाच टक्के करमुक्त म्हणजे ठेवीचे जवळपास आठ टक्के. २० टक्केवाल्याला सातच्या किंचित खाली. पाच टक्केवाल्यांनी या वाटेला जाऊ नये, त्यांना मुदत ठेवच बरी.

ऑर्डर कायम लिमिटचीच, म्हणजे भाव आपण ठरवून टाका. उलाढाल इतकी तुरळक असते की मार्केट ऑर्डर भलत्याच भावाला लागते.

व्याज विवरणपत्रात करमुक्त उत्पन्न म्हणून दाखवा. मुदतीआधी नफ्यात विकलात तर नफ्यावर मात्र कर आहे. बारा महिन्यांनंतर विकल्यास १२.५ टक्के.