चामड्यावर ठसा उठवायचा असेल तर आधी ओल जमू द्या

सोलापूरच्या उन्हाळ्यात चामड्यावर नक्षी उठवायला बसलात की पहिली अडचण येते ती ओलीची. पारा चाळिशीपार, डोक्यावर पंखा. स्पंज फिरवून ठसा हातात घेईपर्यंत वरचा थर सुकलेला. हातोडी मारली तरी ठसा पुसट.

म्हणून ओल आदल्या रात्रीच द्या. दोन्ही बाजूंनी स्पंज फिरवायचा, तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवायचा. रात्रभरात पाणी आतपर्यंत मुरतं. सकाळी पिशवीतून काढून थोडा वेळ थांबा. मूळ रंग जवळजवळ परतला, पण गालाला लावल्यावर गार लागलं, की बसा कामाला. पंखा बंदच ठेवा. तेव्हा उठलेला ठसा खोल आणि कडेला गडद दिसतो, बघत राहावंसं वाटतं.

चामडं मात्र झाडाच्या सालीने कमावलेलंच हवं. क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं ठसा धरत नाही. कोल्हापुरी चपलेचं चामडं सालीने कमावलेल्या जातीचं. 2019 साली तिला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात आपला सोलापूर जिल्हाही आहे, त्यामुळे चपला बनवणाऱ्या कारागिराकडे उरलेले तुकडे जरूर मागून पाहा. रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, कशी धरायची तेही तिथेच नीट बघायला मिळतं.

आणि ओल्या चामड्यावर लोखंडी पट्टी ठेवू नका. माझ्या एका पाकिटावर निळाकाळा डाग पडला तो असाच. डाग ताजा असेल तर लिंबाच्या रसाने फिका होतो.